सैल झालेला दिवा आणि जुन्या घराचे छत

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरील आसनगाव हे शहापूर गावाचे आणि तालुक्याच्या मोठ्या भागाचे रेल्वेचे दार आहे. माहुली किल्ल्याकडे निघालेला गिर्यारोहक येथेच उतरतो आणि ठाण्या-मुंबईला नोकरीसाठी जाणारा चाकरमानीही पहाटेची लोकल येथूनच गाठतो. या लोहमार्गावर इगतपुरीपर्यंत विजेवरील गाड्या १९३०च्या सुमारास धावू लागल्या. मात्र रुळांपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या घरांत विजेचा दिवा लागायला पुढे कित्येक वर्षे जावी लागली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले आणि त्यानंतरच्या काही दशकांत शहापूर-मुरबाडसारख्या ग्रामीण भागात वीज टप्प्याटप्प्याने पोहोचली. याचा अर्थ असा, की या परिसरातील जुनी कौलारू घरे विजेचा विचार करून बांधलेली नाहीत. वीज त्यांच्यात मागाहून आली आणि जिथे जागा सापडली तिथे, तुळईला, वाशाला किंवा माळ्याच्या फळीला, स्क्रू आणि खिळ्यांनी अडकवली गेली. छतावरचा दिवा सैल होणे या किरकोळ वाटणाऱ्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते.

तक्रार किरकोळ वाटते म्हणूनच ती लांबणीवर पडते. दिव्याचा होल्डर लोंबकळू लागतो, मग कोणीतरी चिकटपट्टी गुंडाळतो, कोणी स्क्रूच्या भोकात कागदाची घडी कोंबतो, तर कोणी सुतळीने बांधून वेळ मारून नेतो. घरातील कर्ती माणसे सकाळी निघून रात्री परततात. काम रविवारवर ढकलले जाते आणि रविवारी दुसरेच काही निघते. दिवसभर त्या दिव्याखाली वावरतात ती म्हातारी माणसे आणि मुले. शिवाय शहापूर आणि मुरबाड हे भाताचे तालुके. अनेक घरांच्या माळ्यावर भात, पेंढा किंवा जळाऊ लाकूड साठवलेले असते. फळीच्या खालच्या अंगाला सैल जोडणीतून ठिणगी उडत असेल आणि वरच्या अंगाला कोरडा पेंढा असेल, तर धोका केवळ दिवा खाली पडण्याचा उरत नाही.

दिवा सैल होतो म्हणजे नेमके काय होते, हे आधी पाहायला हवे. कारणे मुख्यत्वे दोन असतात आणि बाहेरून ती सारखीच दिसतात. एक म्हणजे दिवा ज्याला धरून आहे तो आधार कमकुवत झालेला असतो: लाकूड वाळवीने पोखरलेले, स्क्रू गंजलेला, गिलावा सुटलेला. दुसरे म्हणजे आधार ठीक असतो, पण होल्डर किंवा सीलिंग रोज उष्णतेने ठिसूळ होऊन तडकलेला असतो आणि त्याच्या आतील तारांची जोडणी ढिली झालेली असते. पहिल्यात काम सुताराचे वा गवंड्याचे, दुसऱ्यात वायरमनचे. जुन्या घरात ही दोन्ही कारणे हातात हात घालून येतात, कारण हलणारा दिवा तारांना ताण देतो, ताणलेली तार जोडणीत सैल होते, सैल जोडणी तापते आणि तापलेला होल्डर आपल्याभोवतीचे लाकूड वाळवून टाकतो. म्हणून केवळ स्क्रू आवळून शिडीवरून खाली उतरणे ही दुरुस्ती नव्हे. दिवा कशाला धरून आहे आणि त्याच्या आत काय चालले आहे, हे दोन्ही पाहिल्याशिवाय काम पुरे झाले असे मानू नये.

जुन्या घरातील वायरिंग कोणत्या काळातील आहे, हे ओळखता आले तर बराचसा उलगडा खालूनच होतो. सर्वांत जुन्या घरांत लाकडी केसिंग-कॅपिंग दिसते, म्हणजे दोन खाचा असलेली लाकडी पट्टी आणि तिच्यावर बसवलेले झाकण. त्यानंतरच्या काळात सागवानी बॅटनवर, पत्र्याच्या छोट्या लिंक क्लिपांनी आवळलेली काळी किंवा करडी रबरी वायर आली. छतापाशी तिच्या शेवटी लाकडी गोल ब्लॉक, ब्लॉकवर काळा बेकेलाइटचा सीलिंग रोज आणि त्यातून पीळदार दुहेरी वायरीने लोंबणारा होल्डर, ही एके काळची घरोघरची मांडणी. १९६० नंतरच्या दोन-तीन दशकांत तांब्याच्या टंचाईमुळे देशभर घरांतही ॲल्युमिनिअमच्या तारा वापरल्या गेल्या. पुढे प्लास्टिकचे पाइप आले आणि स्लॅबच्या घरांत ते काँक्रीटमध्येच गाडले जाऊ लागले.

यांतील प्रत्येक पद्धतीचे दुखणे वेगळे. रबराचे आवरण काही दशकांनी सुकते आणि बोट लावताच भुग्यासारखे गळून पडते. ब्लॉक उघडेपर्यंत ते शाबूत दिसते आणि उघडताच उघडी तार समोर येते. ॲल्युमिनिअमची तार स्क्रूखाली दाबली की हळूहळू पसरते, त्यामुळे घट्ट आवळलेली जोडणी काही वर्षांत आपोआप सैल होते. दोन-तीनदा वाकवली तर ही तार तुटते आणि हवेत तिच्यावर जो थर चढतो तो विजेला अडथळा करतो. ॲल्युमिनिअम आणि तांबे यांच्या तारा नुसत्या पिळून जोडण्याची सवय अजूनही दिसते. दमट हवेत असा जोड लवकर खराब होतो आणि तापू लागतो. या तुलनेत प्लास्टिकचे आवरण असलेल्या तांब्याच्या तारा पुष्कळ सुखाच्या, पण त्यांच्याही टोकाशी साठ किंवा शंभर वॅटचा पिवळा बल्ब वर्षानुवर्षे जळत असेल तर होल्डरजवळचे दोन-तीन इंच आवरण कडक होऊन तडकलेले आढळते.

आता स्थानिक हवामानाचा भाग. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या पट्ट्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत पडतो. पावसाळ्यात लाकूड पाणी शोषून फुगते, एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसते. स्क्रूच्या आट्यांभोवतीचे तंतू अशा पन्नास पावसाळ्यांत झिजतात. लोखंडी स्क्रू गंजतो, गंज लाकडात उतरतो आणि तेवढ्या भागातील लाकूड काळे पडून ठिसूळ होते. साग आणि ऐन ही या भागातील घरांची नेहमीची लाकडे. साग वाळवीला बराच दाद देत नाही. पण माळ्याच्या फळ्या, रिपा किंवा मागाहून ठोकलेल्या पट्ट्या हलक्या लाकडाच्या असतात आणि दिवा नेमका त्यांनाच लावलेला असतो.

शिडीवर चढण्याआधी खालून निरीक्षण करावे. होल्डरच्या कडेला तपकिरी डाग, जळक्या बेकेलाइटचा उग्र, काहीसा मासळीसारखा वास, दिवा लागताना बारीक तडतड, हात न लावताही होणारी लुकलुक, ही आतील जोडणी तापत असल्याची चिन्हे होत. छतावर पिवळट-तपकिरी ओघळ, गोल ब्लॉकभोवती भुशासारखी माती, गिलाव्यात दिव्यापासून सरळ रेषेत गेलेली भेग, ही आधार खराब झाल्याची चिन्हे. एलईडी दिवा वापरात असेल तर आणखी एक खूण उपयोगी पडते: बटण बंद केल्यावरही तो मंद मिणमिणत राहतो का, हे रात्री अंधारात पाहावे. बटणातच छोटा दर्शक दिवा असेल किंवा तारा लांबवर शेजारून जात असतील तरीही असे होऊ शकते. तरी जुन्या घरात या मिणमिणण्याकडे दुर्लक्ष करू नये, कारण ते पुष्कळदा ओल मुरल्याचे किंवा बटण चुकीच्या तारेत बसवल्याचे लक्षण असते.

बटण चुकीच्या तारेत असणे म्हणजे काय, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. जुन्या घरातील छताच्या दिव्याशी निगडित सर्वांत मोठा धोका हाच. दिव्याला दोन तारा जातात. फेजमध्ये वीज असते, न्यूट्रल ही परतीची वाट. बटण फेजच्या तारेत असायला हवे, म्हणजे ते बंद केल्यावर होल्डरपर्यंत वीज पोहोचतच नाही. पण जुन्या वायरिंगमध्ये दोन्ही तारा एकाच रंगाच्या असत आणि जोडणाऱ्याने घाईत बटण न्यूट्रलमध्ये बसवले तरी दिवा तितकाच छान लागे आणि विझे. फरक एवढाच, की बटण बंद असतानाही होल्डरच्या आत पूर्ण २३० व्होल्टची वीज जिवंत राही. असे बटण पन्नास वर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. ते लक्षात येते ते कोणीतरी बटण बंद करून, निर्धास्तपणे, सैल होल्डर हाताने दाबायला जातो तेव्हा. ‘बटण बंद म्हणजे वीज बंद’ ही समजूत म्हणूनच जुन्या घरात पूर्णपणे टाकून द्यावी.

मग मेन स्विच बंद केला की झाले, असे वाटेल. तेथेही जुन्या घरात दोन पेच आहेत. पहिला पेच जुन्या फ्यूजचा. अनेक जुन्या बोर्डांवर चिनी मातीचे दोन फ्यूज दिसतात, एक फेजला आणि एक न्यूट्रलला. भारतीय विद्युत नियम, १९५६ यांनी न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज वा एकटे बटण बसवण्यास मनाई केली होती, तरी गावोगावच्या बोर्डांवर ही जोडी राहून गेली. यातील न्यूट्रलचा फ्यूज उडाला तर सारे घर अंधारात जाते; वीज गेली असे वाटते आणि प्रत्यक्षात प्रत्येक होल्डरपर्यंत फेज जिवंत असते. त्यामुळे फ्यूज काढायचा तर दोन्ही काढावेत. जाणते वायरमन काढलेले फ्यूज बोर्डावर न ठेवता स्वतःच्या खिशात ठेवतात, म्हणजे घरातील दुसऱ्या कोणी ‘वीज का गेली’ म्हणून ते परत बसवण्याची भीती राहत नाही. ही पद्धत घरमालकानेही उचलावी. एमसीबी असेल तर तो बंद करून त्यावर चिकटपट्टी लावावी आणि बोर्डापाशी एका मोठ्या माणसाला उभे करावे.

दुसरा पेच इन्व्हर्टरचा. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्याच्या ग्रामीण भागात तासन्‌तास भारनियमन असे. त्या काळात घरोघर इन्व्हर्टर आले आणि त्यांची तार बहुधा दोन-तीन दिवे नि एक पंखा एवढ्यांनाच जोडली गेली. भारनियमन सरले तरी इन्व्हर्टर राहिले. मेन स्विच बंद करताच इन्व्हर्टर आपले काम चोख बजावतो, म्हणजे नेमका दुरुस्तीला घेतलेला दिवा तो जिवंत ठेवतो. तेव्हा इन्व्हर्टरचे बटण बंद करून त्याच्याकडून घराकडे जाणारी जोडणीही काढावी. पूर्वी एकत्र असलेले घर भावाभावांत वाटले गेले असेल तर आणखी एक शक्यता उरते: एका खोलीतील दिव्याची एखादी तार शेजारच्या मीटरवरून आलेली असते. यावर उपाय एकच, प्रत्यक्ष तपासणी.

तपासणीसाठी घरात बहुधा दहा-वीस रुपयांचा टेस्टर असतो. तो उपयोगी आहे, पण त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नये. टेस्टरमधील निऑनचा दिवा शरीरातून जमिनीकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म प्रवाहावर उजळतो. कोरड्या लाकडी घोड्यावर, रबरी चपला घालून उभे राहिल्यास तो इतका मंद उजळतो, की दिवसाउजेडी दिसतही नाही. म्हणून वीज चालू असलेल्या जागी टेस्टर आधी तपासावा, मग वीज बंद करून दिव्याच्या दोन्ही टोकांना लावावा आणि शेवटी पुन्हा चालू जागी लावून तो मधल्या वेळात बिघडला नाही याची खात्री करावी. मल्टिमीटर असल्यास उत्तम. शिडी लाकडाची किंवा फायबरची असावी. लोखंडी वा ॲल्युमिनिअमची शिडी या कामाला वर्ज्य समजावी. स्टूलवर खुर्ची रचून चढण्याचा प्रकार सणासुदीच्या साफसफाईत सर्रास चालतो. त्यातून होणाऱ्या अपघातात विजेचा झटका अगदी सौम्य असला तरी उंचावरून पडणे सौम्य नसते.

वीज बंद असल्याची खात्री झाल्यावर बल्ब काढून होल्डर आणि सीलिंग रोज उघडावा. आधी आधाराकडे पाहावे. गोल ब्लॉक लाकडावर असेल तर पेचकसाचे टोक ब्लॉकच्या आजूबाजूला आणि स्क्रूच्या भोकात दाबून पाहावे. लाकूड निरोगी असेल तर टोक जेमतेम रुतते. पोखरलेले असेल तर ते लोण्यात जावे तसे आत जाते. लाकूड निरोगी आहे आणि केवळ भोक मोठे झाले आहे, अशी स्थिती असेल तर दुरुस्ती सोपी: भोकातील भुसा काढून त्यात लाकडाची बारीक काडी किंवा कोरलेली खुंटी सरसासह ठोकून बसवावी, एक दिवस वाळू द्यावी आणि तीत नवा स्क्रू आवळावा. यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे ब्लॉक इंच-दीड इंच सरकवून ताज्या लाकडात स्क्रू घेणे. स्क्रू जुन्यापेक्षा थोडा लांब आणि पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा असावा. शक्य असेल तेथे दिवा फळीवरून हलवून तुळईवर घ्यावा. फळी दोन तुळयांच्या मध्ये असते आणि माळ्यावर कोणी चालले की ती लवते. तिच्याखालचा स्क्रू प्रत्येक पावलासरशी थोडा थोडा सुटत असतो. खिळा मात्र ठोकू नये. एक तर तो धरून ठेवत नाही आणि दुसरे म्हणजे बॅटनमागून गेलेल्या वायरीत तो नेमका कुठे शिरला, हे कळायला मार्ग नसतो.

लाकूड पोखरलेले निघाले तर दिव्याची दुरुस्ती तेथेच थांबवावी. वाळवीने फक्त स्क्रूपुरते लाकूड खाल्लेले नसते. त्या तुळईवर माळ्याचा आणि कदाचित कौलांचाही भार आहे. तिची तपासणी सुताराकडून आधी व्हायला हवी. सैल दिव्याने अशा वेळी घरावर उपकारच केलेले असतात.

स्लॅबच्या घरांत चित्र वेगळे. महामार्ग आणि स्थानक यांच्यामुळे आसनगाव-शहापूर पट्ट्यात स्लॅबची घरे आणि लहान इमारती उभ्या राहत गेल्या; त्यांतील पहिल्या पिढीचे स्लॅब आज तीस-चाळीस वर्षांचे आहेत. त्यांत दिवा लाकडी खुंटीवर, जिला वायरमन गिट्टी म्हणतात, बसवलेला असतो. स्लॅबमध्ये छिद्र पाडून ठोकलेली ही गिट्टी सुकून आकसते आणि स्क्रूसह अलगद खाली येते. तिच्या जागी योग्य मापाचा नायलॉनचा प्लग बसवावा. छताचा गिलावा जेमतेम पाऊण ते एक सेंटिमीटर जाड असतो. स्क्रूची पकड गिलाव्यात नव्हे तर त्यामागच्या काँक्रीटमध्ये हवी, यासाठी स्क्रूचा किमान अडीच सेंटिमीटर भाग काँक्रीटमध्ये जाईल इतके छिद्र खोल घ्यावे. छिद्र घेताना पाइप कोणत्या दिशेने आला आहे ते जंक्शन बॉक्सवरून ओळखून त्या रेषेवर ड्रिल चालवू नये. ड्रिल सळईला लागले तर सळई कापण्याचा हट्ट न धरता छिद्र बाजूला घ्यावे.

मात्र त्याआधी हातोडीच्या दांड्याने दिव्याभोवतीचे छत हलके ठोकून पाहावे. पोकळ, बद्द आवाज आला किंवा गंजाचे डाग दिसले तर आतील सळ्या गंजल्या आहेत असे समजावे. गंजलेल्या लोखंडाचे आकारमान मूळच्या दुपटीहून अधिक होते आणि ते खालच्या काँक्रीटला ढकलून सोडवते. अशा जागी कितीही चांगला प्लग बसवला तरी तो सुटलेल्या खपलीला बसवल्यासारखे होते. पुढच्या खेपेला दिवा पडेल तो काँक्रीटच्या तुकड्यासह. गच्चीवरील पाणी पाइपातून उतरून होल्डरमध्ये ठिबकत असेल तर तीही दिव्याची नव्हे, गच्चीची तक्रार आहे. तोवर त्या दिव्याचा फ्यूज काढून ठेवणे हाच मार्ग. ओला होल्डर पुसून पुन्हा दिवा लावण्याचा मोह पावसाळ्यात घातक ठरतो.

आधार पक्का झाल्यावर तारांकडे वळावे. तारेचे जळके, काळे किंवा भुगा झालेले टोक कापून चकचकीत धातू दिसेपर्यंत मागे यावे. टोकाचे आवरण फक्त आठ-दहा मिलिमीटर काढावे. स्क्रूच्या बाहेर उघडी तार दिसता कामा नये. चांगली तार येईपर्यंत मागे आल्यावर ती अपुरी पडली, तर चिकटपट्टीचा जोड देऊन ब्लॉकमध्ये कोंबू नये. अशा वेळी झाकण असलेला छोटा बॉक्स आणि त्यात कनेक्टर बसवावा. रबरी वायर असेल आणि कापावे तितके आवरण गळतच असेल, तर तेवढ्या एका दिव्याची दुरुस्ती निरर्थक ठरते. बटणापासून दिव्यापर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची नवी तांब्याची वायर ओढून घ्यावी. नवी वायर ओढतानाच बटण फेजमध्ये आणून घ्यावे. चाळीस वर्षांपूर्वीची चूक सुधारण्याची अशी संधी पुन्हा लवकर येत नाही.

लोंबत्या दिव्याच्या बाबतीत एक जुनी, साधी रीत सध्या विसरली गेली आहे. सीलिंग रोजच्या आत आणि होल्डरच्या टोपीतही वायरीला गाठ मारून किंवा ती खाचांमधून वळवून मगच टोके स्क्रूखाली घेत. असे केल्याने दिव्याचा भार गाठीवर येतो, जोडणीवर येत नाही. घाईत काम करणारा ही गाठ मारत नाही. मग दिव्याचे आणि काचेच्या झुंबराचे सगळे वजन दोन बारीक स्क्रूंनी धरलेल्या तारांवर पडते आणि वर्ष-दोन वर्षांत एक तार निसटते. दिवा पुन्हा पुन्हा सैल होत असेल तर आत गाठ आहे का, हे आधी पाहावे.

तडकलेला किंवा डागाळलेला होल्डर पुन्हा वापरू नये. त्याच्या आतील स्प्रिंगची ताकदही गेलेली असते. नवा होल्डर भारतीय मानक चिन्हाचा घ्यावा. आपल्याकडे नेहमीचा बल्ब दोन पिनांचा असल्याने त्यात कोणती तार कुठे, याने फारसा फरक पडत नाही. परंतु आट्यांचा होल्डर असेल तर फेज मधल्या टोकालाच द्यावी, कडेच्या आट्यांना नव्हे. जुन्या लाकडी आधारावर जड चोक असलेली ट्यूबलाइटची लोखंडी पट्टी लटकत असेल तर तिच्या जागी एलईडीची हलकी पट्टी घेणे शहाणपणाचे: वजन कमी, उष्णता कमी. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेनंतर एलईडी दिवे स्वस्त झाले आणि साठ वॅटच्या बल्बचे काम सात-नऊ वॅटमध्ये होऊ लागले. होल्डर भाजून निघण्याचा मोठा भाग त्याने आपोआप टळतो. मात्र खरेदी करताना बाहेरील अंग धातूचे आहे की प्लास्टिकचे, ते पाहावे. जुन्या घरांत दिव्यापर्यंत अर्थिंगची तार बहुधा गेलेलीच नसते. अशा ठिकाणी धातूच्या अंगाचा शोभिवंत दिवा बसवला आणि आत एखादी तार उघडी पडली, तर संपूर्ण दिवाच विजेने भारलेला राहतो. अर्थिंग नसेल तेथे प्लास्टिकचाच दिवा घ्यावा. आणि दिव्याच्या हुकाला किंवा ब्लॉकला कधीही पंखा टांगू नये. पंख्याचे वजन तर अधिक असतेच, पण त्याची थरथर त्याहून वाईट.

यांतील किती काम घरच्या माणसाने करावे? १९५६ च्या विद्युत नियमांनी याची एक रेषा आखली होती आणि त्यांच्या जागी आलेल्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० आणि २०२३ च्या सुरक्षा विनियमांनीही ती कायम ठेवली आहे. दिवे, पंखे, फ्यूज, बटणे आणि तत्सम साधने, जोडणीची क्षमता वा स्वरूप न बदलता, बदलण्यापुरती मुभा आहे; नवे वायरिंग, वाढ, फेरबदल वा दुरुस्ती ही परवानाधारक विद्युत कंत्राटदाराची कामे. व्यवहारात सांगायचे तर ब्लॉक घट्ट करणे आणि होल्डर बदलणे जाणत्या घरमालकाला करता येईल. आतील तारा भुगा झालेल्या निघाल्या, बटण न्यूट्रलमध्ये आढळले किंवा मेन बंद असूनही टेस्टर उजळला, तर झाकण परत लावून खाली उतरावे. तारतंत्री किंवा वीजतंत्री हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून पूर्ण करून परवाना घेतलेला माणूस बोलवावा. तो आल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने घराच्या वायरिंगचा इन्सुलेशन रोध मोजून घेण्याचा आग्रह धरावा. हा आकडा एक मेगाओहमहून खाली असेल तर दोष एका दिव्याचा नाही. त्याच भेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतल्यास उत्तम. फ्यूज आणि एमसीबी वायरिंगचे रक्षण करतात, माणसाचे रक्षण करणारे उपकरण हे आहे.

काही वेळा सैल दिव्याला उगाचच दोष दिला जातो. एकच दिवा लुकलुकत असेल तर दोष त्या दिव्याचा किंवा त्याच्या बटणाचा. घरातील सगळेच दिवे एकाच वेळी मंद-प्रखर होत असतील, तर खांबावरून येणाऱ्या वायरीची, विशेषतः न्यूट्रलची, जोडणी सुटत असण्याची शक्यता अधिक आणि त्यात विजेचा दाब अचानक वाढून उपकरणे जळू शकतात. मीटरपर्यंतचा भाग महावितरणच्या अखत्यारीत येतो. तक्रार १९१२ या क्रमांकावर नोंदवता येते. मीटरच्या पुढचे सर्व घरमालकाचे.

या कामाला या भागात योग्य काळ दिवाळीनंतरचा. लाकूड आणि स्लॅब तोवर बऱ्यापैकी वाळलेले असतात, गळतीचे डाग ताजे असल्याने पाणी कुठून आले ते दिसते आणि दुरुस्त केलेल्या जोडणीला उन्हाळ्यात एकदा, मृगापूर्वी, पुन्हा उघडून आवळायला अवधी मिळतो. ॲल्युमिनिअमच्या तारा असतील तर ही दुसरी तपासणी चुकवू नये. पहिल्या मोठ्या पावसानंतर त्या दिव्याखाली उभे राहून ब्लॉकभोवती ओल दिसते का, ते पाहावे. दिसली तर त्या दिव्याचा फ्यूज काढावा आणि कौल किंवा गच्ची दुरुस्त होईपर्यंत त्या खोलीत टेबलावरचा दिवा वापरावा.